वन्सं पुढं शिकल्या त्या अशा

माझ्या नणंदेचा डबा मी चार वर्सं बांधला. ती नगरला कॉलेजात, आन आमचं गाव केडगावच्याबी पुढं, डांबरी सडकंपासनं आत दोन मैल. सकाळी सातला फाट्यावर एसटी यायची. आमचे मालक सायकलीवर डबा नेऊन कंडक्टरच्या हाती द्यायचे. नगरच्या स्टँडवर ती उभी असायची, तिनं तो उतरून घ्यायचा. सांजच्या गाडीनं रिकामा डबा माघारी. त्या येळंला खेड्यातली शिकनारी समदी पोरं अशीच एसटीवर जेवायची. पोरी मातर थोड्या. आमच्या गावातनं ती एकलीच.

भाकरी थापायला मला कदी जड गेलं न्हाई. जड जायाचं ते दुसरंच. ती माझ्यापरीस दीड वर्सानं ल्हान. मी लगीन हून आले तवा मी पंधराची, ती आठवीत. सकाळी तिच्या दोन वेन्या घालायच्या, तांब्यात निखारे घालून तिच्या कपड्यावर इस्त्री फिरवायची, ही माझी कामं. रिबीन बांधताना भिंतीवरच्या आरशात दोघींची तोंडं दिसायची. मग ती साळंला जायाची आन मी चुलीकडं.

मी चौथी पास हुते. माहेरच्या साळंत चौथीला माझा पयला नंबर आल्ता. मास्तर आमच्या बाच्या दारात येऊन बसलं. म्हनलं, पोरीला पुढं घाला, मास्तरीन हुईल. बा म्हनला, “मास्तर, च्या घ्या.” एवढंच बोलला. च्या पिऊन मास्तर गेलं. तो इषय परत निघाला न्हाई.

आमच्यात रीत अशी, की नणंद ल्हान असली तरी तिला “वन्सं” म्हनायचं आन “तुमी” म्हनायचं. ती मला “वैनी, तू.” ती काय मुद्दाम करायची न्हाई. सभावानं चांगलीच हुती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

रिकाम्या डब्यात चिठ्ठी यायची. उद्या लोनचं धाड, वही संपली, रविवारी येते, असलं. आत्याबाईंना, म्हंजी माझ्या सासूला, अक्षर येत न्हवतं. मामंजींना सहीपुरतं. आमच्या मालकांनी दुसरीत साळा सोडलेली, जोडाक्षर आलं की त्यांना घाम फुटायचा. म्हनून चिठ्ठी मी वाचायची आन उत्तरबी मीच ल्ह्यायचं. चुलीपुढं बसून मी मोठ्यानं वाचायची, मामंजी पान खायाचं थांबवून ऐकायचे. तेवढा येळ मला बरं वाटायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. हिरी आटल्या. रेशनवर मिलो आली, परदेशी तांबडी ज्वारी. तिची भाकर थापताना चिरायची, खाताना घशात अडकायची. आमच्या कनगीच्या तळाला घरची पांढरी ज्वारी थोडी उरली हुती. आत्याबाई म्हनल्या, “ती पोरीच्या डब्याला राहू दे. तिचं परीक्षेचं वरीस हाय.”

झालं. घरात समदी लाल भाकर खायाची आन डब्यात पांढरी जायाची. मी माझं ल्हान पोरगं आत्याबाईंकडं टाकून सडकंच्या कामाला जात हुते. सरकारनं दुष्काळी काम काढलं हुतं, दिसभर खडी फोडायची. आमचे मालकबी तिथंच, मातीच्या गँगवर. उन्हात फोडून फोडून हाताची सालं निघायची, आन पहाटं उठून त्याच हातानं पांढरं पीठ मळायचं, ते तिला.

एक दिस मी डब्यात लाल भाकर घातली आन पांढऱ्या दोन भाकरी मागं परड्यात जाऊन एकलीनं खाल्ल्या. कोरड्याच. लई गोड लागल्या. असं मी पाच-सा दिस केलं. तिनं चिठ्ठीत त्याबद्दल एक अक्षर ल्हिलं न्हाई. त्याचाबी मला रागच आला. कुरकुर केली असती तर माझं मन जरा निवलं असतं.

परीक्षेला म्हैना राह्यला तवा ती चिठ्ठी आली. मोठी हुती, वहीचं आख्खं पान. तिच्या शुद्ध भाषेत ल्हिलेलं. “वहिनी, आबांना विचार. बी.ए. झाल्यावर पुढं काय करावं? सर म्हणतात, आणखी दोन वर्षं राहा, एम.ए. कर. मैत्रिणी म्हणतात बी.एड. कर. एकीचा भाऊ कोपरगावकडे साखर कारखान्यात आहे, तो म्हणतो तिथं मुलींनाही कारकुनी मिळेल. मला काय व्हायचं आहे तेच कळत नाही. नुसतं कॉलेजात राहायचं म्हणून राहावं का? आबा काय म्हणतात ते उद्याच्या डब्यात कळव.”

काय व्हायचं तेच कळत न्हाई! ती वळ मी दोनदा वाचली. माझ्या कानातनं वाफा निघायला लागल्या. एकवीस वर्सांची घोडी, चार वर्सं पांढरी भाकर, समद्या गावात एकलीला कॉलेज, आन हिला काय व्हायचं ते कळंना. मला धाव्या वर्सी कळत हुतं.

“काय म्हनती गं?” मामंजींनी इचारलं.

“काय न्हाई,” मी म्हनलं. “लोनचं धाडा म्हनती.”

“एवढ्या मोठ्या कागदात नुसतं लोनचं?” आत्याबाई बोलल्या.

“अक्षर मोठं काढलंय,” मी म्हनलं, आन चिठ्ठी पोलक्यात सारली.

दोन दिसांनी दुसरी आली. “आबा काय म्हणाले?” एवढीच. मग मी बसले ल्ह्यायला. ल्हिलं, आबा म्हणतात परीक्षा झाली की सरळ घरी ये, शिक्षण पुरे झालं. मामंजींना मी इचारलंबी न्हवतं. घरात सांगितलं, वन्सं म्हनत्यात, परीक्षा झाली की मी घरी येनार, मला पुढं शिकायचं न्हाई. मामंजी म्हनले, “दमली असंल पोरगी.” तेवढ्यावर ते मिटलं. तिकडचं तिकडं, हिकडचं हिकडं. चौथीच्या शिक्षनात मला एवढं जमलं.

का केलं, तर मला तिला उन्हात बघायचं हुतं. दुसरं कायबी कारन न्हवतं.

ती आली. वैशाखाचं ऊन, पान्याचा टँकर चार दिसांनी. आत्याबाई सोडून घरातलं हरेक मानूस कामावर. मामंजी म्हनले, “तू घरी बस, आईच्या हाताखाली.” पन ती म्हनली, “आबा, मी बी जाते वैनीसंगं.” मी हातोडा तेवढा तिच्यासाठी जड बघून आनला.

पयल्या दिशी आमच्या शेजारी एक म्हातारी बसली हुती, तोंडाची लई फटकळ. ती म्हनली, “काय गं पोरी, बी.ए.चा दगड कसा फोडत्यात? आमाला शिकव की.”

“आजी, हा धडा आमच्या पुस्तकात न्हवता.”

“मंग तुजं पुस्तक चुलीत घाल. ह्यो बग, शीर बगायची दगडाची. शिरंवर मारायचं. नवऱ्यावानी उगं कुठंबी बडवायचं न्हाई.”

बाया हसल्या. तीबी हसली. दुपारपतूर तिच्या हाताला फोड आले, सांजंला फुटले. बोटाला बांधायला आमी टायरचं रबर कापून ठेवायचो. माझ्यापाशी दोन हुती. मी तिला एक दिलं न्हाई. ती रक्त पदराला पुसत हुती, मी बघत हुते, आन मला बरं वाटत हुतं. हे आता बोलायला कसंतरी वाटतं, पन तसंच हुतं ते.

पाचव्या का साव्या दिशी आमचा हजेरीचा कारकून आजारी पडून गावाला गेला. सकाळी ओव्हरसियर आला. रजिस्टर काखंत. म्हनला, “लिहिता-वाचता येनारं कुनी हाय का हितं?”

बाया एकमेकींकडं बघाया लागल्या. मी उठून उभी राह्यले. पदर नीट केला. आजवर कुनी असं इचारलंच न्हवतं.

“मला येतं, सायेब.”

“किती शिकलात?”

“चौथी. पयला नंबर.”

त्यो मानूस वाईट न्हवता. हसला न्हाई. म्हनला, “बाई, मॅट्रिक लागतं. वरून विचारत्यात मला.”

तवर ती म्हातारी वरडली, “अवो सायेब, चौथी काय घेऊन बसलात! तिच्या शेजारी बसलीया न्हवं, तिची नणंद. बी.ए. हाय बी.ए.!”

वन्सं मान खाली घालून खडी फोडत हुत्या. ओव्हरसियरनं बघितलं. मी आजून उभीच. त्यानं रजिस्टर माझ्याम्होरनं नेऊन तिच्या हातात दिलं.

मी खाली बसले. दगडाची शीर बघितली न्हाई, कुठंबी बडवला.

त्या दिसापासनं ती ताडपत्रीच्या सावलीत. लोखंडी खुर्ची, शेजारी पान्याची घागर. सकाळी नावं पुकारायची. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, असं लांबलचक. आन मी घरची सून, तिच्या वेन्या घातलेली, म्हनायची, “हजर.” समद्या बाया अंगठा उठवायच्या, मी सही करायची. ती म्हनायची, “वैनी, किती छान अक्षर आहे गं तुझं.” कौतुकानं म्हनायची. मला वाटायचं शाईची बाटली तिच्या डोक्यावर वतावी.

बायांना काय, करमनूक. “तुझी नणंद सायेब झाली गं. आता तुझी खडी मोजनार न्हाईत.” “घरी पाय चेपतीस का तिचं?” मी म्हनायची, “तुमी चेपा, तुमाला हौस हाय तर.”

घरी आत्याबाई खूश. जो येईल त्याला सांगायच्या, आमची पोर सरकारी कामावर कारकून हाय. दोन ठिकानावरनं सोयरीक घेऊन मानसं आली. आत्याबाई म्हनल्या, “आता काय शिकायचं राह्यलंय? हितंच कायमची लागंल, लगीन हुईल, झालं.”

जूनमधी निकाल लागला. सेकंड क्लास. संगं तिच्या सरांचा निरोप आला, पुढल्या वर्गाचा फारम भरायला आठ दिस हायेत. तिनं निरोप वाचला, घडी घातली, रजिस्टरात ठेवला. चार दिस गेले तरी ती काय बोलंना. मला झोप लागंना. मी इचार करायची, ही हितं राह्यली तर रोज सकाळी माझं नाव पुकारनार. गेली तर आनखी मोठी हुनार, उद्या मोटारीतनं येनार. दोन्हीकडनं जळनार ते मीच.

पाचव्या दिशी कामावरनं येताना आमी दोघीच हुतो. वढ्याच्या कोरड्या पात्रातनं वाट हाय, तिथं ती एकदम म्हनली, “वैनी, एक खरं सांग. आबा खरंच म्हनले हुते, शिक्षान पुरं?” घरात आली की ती आमच्यावानीच बोलायची.

मी चालतच राह्यले. मग म्हनलं, “न्हाई. इचारलंच न्हवतं. मीच ल्हिलं.”

“का गं?”

“तुमाला दगड फोडताना बघायचं हुतं.”

ती थांबली. मला वाटलं आता रडंल, न्हाईतर घरी जाऊन सांगंल. तिनं चप्पल काढली, खडा झटकला, परत घातली.

“मला वाटलंच,” ती म्हनली. “आबा असं बोलनारच न्हाईत. आन लाल भाकरीबी तूच.”

“मीच.”

“पन मी आले. इचारलं न्हाई परत. इचारलं असतं तर आबा म्हनले असते शिक, आन मग मला ठरवावं लागलं असतं. तू ठरवून टाकलंस, मला सुटल्यावानी झालं. हितं तरी काय, खुर्ची हाय, सावली हाय. आता चार दिस झाले तो कागद उघडते आन मिटते. तिथं जाऊन दोन वर्सं काय करू? मला काय व्हायचं तेच…” मग तिनं माझ्याकडं बघितलं. “तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?”

तवा माझा तोल सुटला. इतक्या वर्सांत पयल्यांदा मी तिला “तू” म्हनले.

“तुझ्या जागी? तुझ्या जागी असते तर त्याच दिशी पळत जाऊन फारम भरला असता. काय व्हायचं ते मागनं बघितलं असतं. तुला ठाव न्हाई म्हनून तू बसतीस. मला ठाव हुतं, तरी मला कुनी उठू दिलं न्हाई. आमच्या बानं मास्तराला च्या पाजून वाटंला लावलं. तुझा बाप तुला पांढरी भाकर खाऊ घालतो, आन तुला सावली गोड लागती. जा की! जा, न्हाईतर खुर्ची सोड आन माझ्या शेजारी येऊन बस दगड फोडत. पन माझ्या डोळ्याम्होरं सावलीत बसून माझं नाव पुकारू नगंस. मला सोसत न्हाई ते.”

लोकं म्हनत्यात, नणंदेला हिनं शिकवली. तिच्या भल्यासाठी मी बोलले न्हवते. मला ती डोळ्याम्होरनं जायाला पाहिजे हुती.

त्या रात्री ती जेवताना म्हनली, “आबा, मी पुढं शिकते. परवा फारम भरायला जाते.”

आत्याबाईंचा घास हातातच राह्यला. “आन हितली खुर्ची?”

मामंजी म्हनले, “खुर्चीचं काय घेऊन बसलीस! पाऊस पडला की काम बंद, काम बंद की खुर्ची बंद.” मग लेकीकडं बघून म्हनले, “पन पुढं हुनार कोन तू? एवढं तरी सांग.”

“ते ठाव न्हाई आबा.”

“बरं,” मामंजी म्हनले. “ठाव झालं की सांग.” आन पान्याचा तांब्या उचलला. माझा बा “च्या घ्या” म्हनला, मामंजी “बरं” म्हनले, तेवढाच फरक. दोघं कमीच बोलायचे.

रजिस्टर तिनं ओव्हरसियरला परत दिलं. देताना म्हनली, “माझी वैनी करील हे काम, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.” त्यानं मान हलवली. शेजारच्या गावातनं मॅट्रिकचा एक बाप्या आला.

निघायच्या दिशी ती म्हनली, “वैनी, तू चल. मला एकलीला भ्या वाटतं, आयत्या येळंला माघारी फिरंन मी.” आत्याबाई म्हनल्या, तिचा कामाचा दिस कशाला बुडवतीस. पन मामंजी म्हनले, जाऊ दे. मी धुवट लुगडं नेसले आन तिच्या शेजारी एसटीत बसले. चार वर्सं माझा डबा त्या रस्त्यानं गेला, मी पयल्यांदाच.

कॉलेज दगडी हुतं. मोठाल्या खिडक्या, आत बाकडी. एका खोलीत कुनी न्हवतं, फळ्यावर आदल्या सालचं काय तरी आजून ल्हिलेलं हुतं, कुनी पुसलं न्हवतं. मी दारात उभी राहून ते वाचलं. वाचता आलं, उमगलं न्हाई. पोरी जिन्यावर बसून शेंगा खात हुत्या आन टरफलं खाली टाकत हुत्या. मला वाटलं, मी हितं असते तर एकबी टरफल खाली टाकलं नसतं.

खिडकीपाशी रांग हुती. वन्संचा नंबर आला. समदं भरलं, इषयाच्या रकान्यापाशी पेन थांबला.

“वैनी, मराठी ल्हू का इतिहास?”

“मार्क कशात जास्त पडले?”

“मराठीत.”

“मग मराठी ल्हा.” परत “तुमी”वर आले हुते मी.

“आन मागनं पस्तावा झाला तर?”

“हुईल की. ल्हा आता, मागं मानसं उभी हायेत.”

तिनं ल्हिलं. फारम आत सरकवला. कारकुनानं शिक्का मारला. मग त्यानं चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या अगदी खेटून उभी, वय बरुबरीचं. त्यानं गठ्ठ्यातनं दुसरा कोरा फारम काढला आन माझ्याम्होरं धरला.

“ह्यांचाबी भरायचाय का?”

“नाही नाही,” वन्सं म्हनल्या. “ह्या माझ्या वहिनी. नुसत्या सोबत आल्यात.”

इतक्या वर्सांत कुठल्या गोष्टीला इतक्या झटक्यात उत्तर देताना मी तिला बघितलं न्हवतं. कारकुनानं फारम परत गठ्ठ्यात सारला. मी त्या गठ्ठ्याकडं बघत राह्यले. मग मागली पोरगी म्हनली, “अहो बाई, जरा सरकता का?” आन मी सरकले.